आजीची मशीद

"येताना मशिदीवरून ये, काकूंकडची थाळी घेऊन ये," आजी सांगायची. काकू आमच्या शेजारीण. त्यांच्या थाळीत मलिदा असे. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलचीचा वास, वर फळांच्या फोडी. ती मशीद म्हणजे अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ, बेने इस्रायल ज्यूंचं १८४८ सालचं सिनेगॉग. कोकणातले ज्यू आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. शब्द त्यांचा, पण सगळ्या आळीच्या तोंडी बसलेला.

मलिद्यासोबत गोष्टही यायची. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्राने गिळल्या, ओठांवर फक्त 'शेमा' ही प्रार्थना उरली. बुडालेल्यांना नवगावातच मूठमाती दिली. वाचलेले गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावंही गावांचीच घेतली: नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर.

पुढची गोष्ट आजी मासळी निवडतानाच सांगे. दावीद राहाबी नावाचा ज्यू या मुलखात आला. त्याने या लोकांतल्या बायकांपुढे तऱ्हतऱ्हेची मासळी ठेवली. त्यांनी ज्यूंच्या आहारनियमाप्रमाणे पर आणि खवले असलेली तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. राहाबीने ओळखलं, ही आपली माणसं. हे कुठल्या शतकात घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. आजीच्या लेखी ते काल-परवाचंच होतं.

सामाजी हसाजी दिवेकरांची कथा तर आमच्या आणि काकूंच्या, दोन्ही घरांत सांगितली जाई. इंग्रजांच्या फौजेतले हे सरदार टिपूच्या कैदेत सापडले. कैदी बेने इस्रायल आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने त्यांचे प्राण वाचवले, असं जुनी माणसं सांगत. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं. त्याचं नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. तेही 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलं गेलं.

१९४८ नंतर आळीतली घरं एकेक करून इस्रायलला गेली. काकूही गेल्या. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. ज्या गावांत दोन-चारच घरं उरली, तिथे दहा जण जमवायचे कुठून? वास्तूची डागडुजी पैशाने होते, दहावा माणूस पैशाने येत नाही. तरीही उरलेल्यांनी दिवाबत्ती सोडलेली नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याने कागदोपत्री ओळख मिळाली. आठवणी जपण्याचं काम मात्र शेजाऱ्यांचंही आहे.

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, चारही ठिकाणी सिनेगॉग आहेत. परवानगी घेऊन, डोकं झाकून आत जा. दफनभूमीतल्या दगडांवर हिब्रूशेजारी मराठी अक्षरं दिसतील, ती वाचा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याकडून आळीच्या गोष्टी आजच उतरवून घ्या. मागेन आबोथचा अर्थ पूर्वजांची ढाल. आता त्या ढालीची राखण आपण करायची आहे.