'मोडशी' : एका शब्दाचा व एका विषाचा इतिहास

अपचनास मराठीत 'मोडशी' म्हणतात. हाच शब्द सोळाव्या शतकातील पोर्तुगीज लेखनात पटकीचे नाव म्हणून आढळतो. गास्पार कोरेया याने गोव्यातील 1543 च्या साथीचे वर्णन याच नावाखाली केले; गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या, गोव्यात 1563 साली छापलेल्या ग्रंथात या रोगावर एक संवादच आहे. पुढे फ्रेंचांनी या शब्दाचे 'मोर-द-शियाँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे रूप केले. अपभ्रंश खरा, परंतु रोग्याची दशा पाहता तो अगदीच निरर्थक म्हणवत नाही.

पटकीस अपचनाच्या पंक्तीस बसविणारी ही दृष्टी सर्वस्वी चुकीची नव्हती. दूषित अन्नपाण्यावाटेच जंतू आतड्यात शिरतात. मात्र घात करते ते त्यांनी स्रवलेले विष. 1884 साली कलकत्त्यात या जंतूचे शुद्ध संवर्धन मिळविणाऱ्या कॉखने अशा विषाचा तर्क केला होता. तो प्रयोगाने सिद्ध व्हावयास 1959 साल उजाडले. कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला संवर्धद्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला, आणि जंतूंवाचूनही आतडे पाण्याने फुगले. रोगी मरतो तो शरीरातील पाणी व क्षार गमावून. 1971 साली बनगावच्या निर्वासितांत दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांतून वाटले, ते याच हानीच्या भरपाईसाठी.