पाठीवरचे पोते, ताटातले धान्य

लातूरच्या आडतबाजारात दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या थप्प्या लागतात. आमचे हमालबंधू ती पोती पाठीवर वाहतात. ताटात मात्र ते क्वचितच दिसते. वस्तुतः १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी या धान्याचे प्रयोग मांडले, ते गरिबाच्या आहारासाठी. शेकडा सुमारे ४० भाग प्रथिन, २० भाग तेल! पुढे नांदेड-लातुरात हे पीक पसरले ते तेलगिरणीच्या वाटेने. ज्वारी-कापसाचे रान त्याने घेतले. पेंड कोंबड्यांना गेली. कच्चा दाणा पचत नाही, हे खरे. पण रात्रभर भिजवून नीट शिजवला की उसळ होते, भाजून दळणात मूठभर मिसळता येतो. मजुरीची मागणी लिहिताना आम्ही भाकरी मोजली. तिच्यासोबतचे कोरड्यास मोजायचे आमच्याकडूनच राहून गेले.