जव्हारची गादी आणि बंगळूरची प्रयोगशाळा

जव्हार संस्थानची गादी चौदाव्या शतकापासून महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याकडे होती, आणि १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत या डोंगरपट्टीत राजा आदिवासी व वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी बहुतांश रयतही आदिवासीच होती. शेजारचा मोखाडा मात्र इंग्रजी अमलात शहापूर तालुक्याचा पेटा होता. परंतु गादी आपल्या जमातीची असली म्हणून विद्येचे दार आपल्याला उघडतेच असे नाही.

ते दार किती जड असते, हे कमलाबाई सोहोनींच्या चरित्रावरून कळते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची विज्ञानातील पदवी अव्वल दर्जाने मिळवूनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, आणि त्यांनी हट्ट धरला तेव्हा पहिले वर्ष उमेदवारीचे राहील, शिवाय त्यांच्या वावराने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशा अटींवर कसाबसा दिला. त्याच कमलाबाई १९३९ साली केंब्रिजच्या डॉक्टरेटच्या मानकरी ठरल्या. मात्र त्यांचे वडील आणि चुलते त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. दार बंद असले तरी ते कोठे आहे, हे त्यांना घरातच ठाऊक होते.

जव्हार-मोखाड्याच्या मुलीला नेमके हेच ठाऊक नसते. दिवाळीनंतर आईबाप भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती आश्रमशाळेतून शिकत तालुक्याच्या महाविद्यालयात विज्ञानाची पदवी घेते, आणि मग अर्ज भरते तो तलाठ्याचा, वनरक्षकाचा किंवा शिक्षिकेचा. कारण दरमहा पगार आणणारी आपली माणसे तिने त्याच हुद्द्यांवर पाहिलेली असतात, आणि संशोधनात पाचसहा वर्षे घालविताना धाकट्या भावंडांचा खर्च कोण उचलील, या प्रश्नाला घरात उत्तर नसते. यास महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणणे हा अन्याय होय. राखीव जागेने प्रवेशाचा हक्क मिळतो, पण वाट दाखविणारा वडीलधारा मिळत नाही. त्यातून मुलगी असली, तर लग्नाची घाई आणि परगावी एकटी राहण्याविषयीची धास्ती यांचा भार निराळाच.

कमलाबाईंना राष्ट्रपतिपदक मिळाले ते नीरेच्या पोषणमूल्यावरील संशोधनासाठी, आणि त्या संशोधनाचा हेतू आदिवासी मुलांचे व गर्भवतींचे पोषण हा होता. तरीही १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावलीच. या मुलखाच्या भुकेचा अभ्यास आजवर बाहेरच्यांनी केला. तो पुढे येथल्या लेकींनी करावयाचा असेल, तर त्यांना पदवीबरोबरच पुरेशी शिष्यवृत्ती, शहरात निर्धास्त राहता येईल असे वसतिगृह आणि प्रयोगशाळेची प्रत्यक्ष ओळख मिळवून देणे, हे शासनाचे आणि विद्यापीठांचे कर्तव्य आहे.