सर्व्हरवरील अनोळखी खुले पोर्ट

संगणकजाळ्यावरून येणाऱ्या जोडणीसाठी सर्व्हरवर उघडे असलेले, परंतु कोणत्या प्रोग्रामने उघडले हे व्यवस्थापकास ठाऊक नसलेले पोर्ट म्हणजे अनोळखी खुले पोर्ट होत. त्यांच्यामागील प्रोग्राम निश्चित करणे हे सर्व्हरच्या सुरक्षेतील प्राथमिक काम मानले जाते.

पोर्ट क्रमांक

पोर्ट हा ० ते ६५५३५ यांमधील क्रमांक असतो. टीसीपी व यूडीपी यांचे क्रमांक स्वतंत्र असतात. त्यांच्या नेमणुकीची नोंद आयएएनए ही संस्था ठेवते. उदाहरणार्थ, २२ हा एसएसएचसाठी, तर ४४३ हा एचटीटीपीएससाठी आहे. ही नोंद केवळ संकेतापुरती असते. दुसरा प्रोग्रामही तोच क्रमांक वापरू शकत असल्याने निव्वळ यादी पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

ओळखण्याची पद्धत

लिनक्सवर 'एसएस' किंवा 'एलएसओएफ', तर विंडोजवर 'नेटस्टॅट' ही आज्ञा पोर्टमागील प्रक्रियेचा क्रमांक दाखवते. त्यावरून मूळ फाइल, ती कोणत्या पॅकेजमधून आली आणि कोणत्या वापरकर्त्याच्या नावे चालते, हे शोधतात. लिनक्सवर रूट अधिकार नसल्यास इतरांच्या प्रक्रियांची नावे दिसत नाहीत. मात्र अधिकार असूनही नाव न दिसणे हे दर वेळी घुसखोरीचे लक्षण नसते: एनएफएसशी संबंधित काही पोर्ट खुद्द कर्नल उघडतो, त्यामुळे त्यांना सामान्य प्रक्रियाच नसते. काही पोर्ट 'सिस्टमडी' दुसऱ्या सेवेच्या वतीने उघडून ठेवते. तेथे दिसणारे नाव खऱ्या सेवेचे नसते.

पत्ताही पाहावा लागतो. १२७.०.०.१ वरील पोर्ट फक्त त्याच संगणकापुरता असतो, ०.०.०.० वरील पोर्ट सर्व आयपीव्ही४ पत्त्यांवर उपलब्ध असतो, मग तो बाहेरून पोहोचण्याजोगा आहे की नाही हे फायरवॉलवर अवलंबून राहते. रूटकिट आतील आज्ञांपासून पोर्ट लपवू शकते. म्हणून दुसऱ्या संगणकावरून 'एनमॅप'सारख्या साधनाने तपासणी करून दोन्ही याद्या ताडून पाहतात. बाहेर दिसणारा पोर्ट आतील यादीत नसेल, तर बाब गंभीर समजावी. अर्थात मधला राउटर किंवा फायरवॉल उत्तर देत नाही ना, याची आधी खात्री करावी. प्रक्रिया घाईने बंद केल्यास स्मृतीतील पुरावा नष्ट होतो.

न्हावा शेवा येथील घटना

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या मालवेअरने मर्स्क समूहाच्या संगणकांना ग्रासले. त्याची झळ रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या कंटेनर टर्मिनलला बसून तेथील कामकाज विस्कळीत झाले. या मालवेअरच्या प्रसाराचा एक मार्ग विंडोजमधील फाइल-सामायिकीकरणाचा ४४५ क्रमांकाचा टीसीपी पोर्ट होता. संबंधित त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ४४५ हा अनोळखी क्रमांक नव्हे. तो अनेक संगणकांवर मुळातच उघडा असतो आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो.

कायदेशीर बाजू

मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. त्यामुळे दुसऱ्याच्या सर्व्हरची पोर्ट-तपासणी लेखी परवानगीनेच करणे इष्ट. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या प्रणालींची कोणी हेतुपुरस्सर चाचपणी केल्याचे आढळल्यास ते ६ तासांच्या आत कळवावे लागते, तर प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.