सोडून जाणाऱ्यांचे घराणे

एखादा वाद्यवृंद किती मोठा, हे ठरवताना त्यात कोण टिकून राहिले हे आपण पाहतो. ‘ब्लूजब्रेकर्स’ या इंग्लिश बँडचा हिशेब मात्र उलटा मांडावा लागतो. त्याची थोरवी सांगायची तर त्यातून कोण कोण बाहेर पडले, याचीच यादी करावी लागते. १९६३ साली उभा राहिलेला हा बँड मधला मोठा खंड पचवून २००८ पर्यंत चालला. या साऱ्या काळात कायम राहिलेला माणूस एकच, जॉन मेयॉल.

बँडची हकीकत सांगण्याआधी ब्लूज म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे हे गाणे. चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचा ठरलेला साचा. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखेच हे कष्टाचे आणि दुःखाचे गाणे. दक्षिणेतला जाच आणि दारिद्र्य मागे टाकून ही माणसे शिकागोसारख्या शहरांत गेली, तेव्हा गाणेही त्यांच्याबरोबर गेले. शहराच्या गोंगाटात ऐकू यावे म्हणून गिटार विजेवर वाजू लागली. शिकागोचा मडी वॉटर्स १९५८ साली ती विजेची गिटार घेऊन इंग्लंडात आला, तेव्हा साध्या गिटारीवरचे खेडवळ गाणे ऐकायला आलेले काही श्रोते चांगलेच दचकले होते.

मेयॉलचा जन्म १९३३ चा, मँचेस्टरजवळच्या मॅकल्सफील्डचा. वडिलांना जाझचा नाद, त्यामुळे घरात ध्वनिमुद्रिका भरपूर. मुलावर संस्कार झाला तो या तबकड्यांचा. सक्तीच्या लष्करी सेवेत तो कोरियात होता आणि रजेवर जपानला गेला असताना त्याने आपली पहिली विजेची गिटार विकत घेतली. परतल्यावर तो कलाशाळेत शिकला आणि जाहिराती-मुखपृष्ठांच्या आरेखनावर पोट भरू लागला. इंग्लंडातल्या ब्लूजचा आद्य प्रचारक अॅलेक्सिस कॉर्नर याच्या आग्रहावरून १९६३ साली तो लंडनला आला, तेव्हा तिशी उंबरठ्यावर होती. ज्या धंद्यात विशीतली पोरे नाव काढत होती, त्यात हा गृहस्थ तसा उशिराच आला. मला वाटते, त्याला गुरूपण लाभले ते या उशिरामुळेच.

एप्रिल १९६५ मध्ये वीस वर्षांचा क्लॅप्टन त्याच्याकडे आला. ‘यार्डबर्ड्स’ हा बँड लोकप्रिय गाण्यांकडे वळला, म्हणून त्याने तो सोडला होता. मेयॉलने त्याला बँडमध्ये घेतले आणि राहायला आपल्या घरीच एक लहानशी खोली दिली. घरात ध्वनिमुद्रिकांचा साठा होता. क्लॅप्टन तासन् तास ऐकत बसे आणि ऐकलेले गिटारीवर उतरवून पाही. गुरूगृही राहून शिकणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? जुलै १९६६ मध्ये या दोघांची ध्वनिमुद्रिका निघाली. मुखपृष्ठावर क्लॅप्टन मुलांचे ‘बीनो’ नावाचे चित्रसाप्ताहिक वाचत बसलेला, म्हणून लोक तिला ‘बीनो’च म्हणतात. मंचावर वाजवतो तेवढ्याच मोठ्या आवाजात स्टुडिओतही वाजवणार, हा त्याचा हट्ट होता आणि निर्माता माइक व्हर्नन याने तो चालू दिला. त्यातून निघालेला जाड, ताणलेला, रडवेला स्वर पुढे रॉक गिटारचा आदर्श ठरला. ध्वनिमुद्रिका ब्रिटिश यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. पण तोवर क्लॅप्टन ‘क्रीम’ हा नवा बँड काढायला निघूनही गेला होता.

दुसरा कोणी असता तर हबकला असता. मेयॉलने पीटर ग्रीनला आणले आणि क्लॅप्टन कुठे, असे विचारणाऱ्या व्हर्ननला निश्चिंत राहायला सांगितले. १९६७ च्या आरंभी निघालेल्या ‘अ हार्ड रोड’मध्ये ग्रीनने तो विश्वास सार्थ केला. त्याच वर्षी तोही गेला. काही आठवडेच मेयॉलकडे टिकलेला ढोलवादक मिक फ्लीटवूड त्याच्या सोबतीला होता. बेस वाजवणारा जॉन मॅकव्ही मेयॉलची नियमित मिळकत सोडायला तयार नव्हता. त्याला मोह पडावा म्हणून ग्रीनने नव्या बँडच्या नावातच त्याला गुंफले, ‘फ्लीटवूड मॅक’. थोड्याच दिवसांत मॅकव्ही येऊन मिळाला. मग अठरा वर्षांचा मिक टेलर मेयॉलकडे आला. १९६९ साली ‘रोलिंग स्टोन्स’ना गिटारवादक हवा होता, तेव्हा मेयॉलनेच त्याचे नाव सुचवले.

मिरज-धारवाडच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला घराणे म्हणजे काय, हे सांगायला नको. शिष्य तयार झाला की तो आपली मैफल मांडणारच. मेयॉलने हे ओळखले होते.

आता एक अवघड प्रश्न. हे गाणे मुळात ज्यांचे, त्यांना काय मिळाले? ‘बीनो’वरची कित्येक गाणी ओटिस रश, फ्रेडी किंग, रॉबर्ट जॉन्सन अशा कृष्णवर्णीय कलावंतांची आहेत. कीर्ती आणि पैसा यांचा मोठा वाटा मात्र त्यांची गाणी वाजवणाऱ्या गोऱ्या पोरांकडे गेला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मेयॉलच्या बाजूने एवढे म्हणता येते, की ऋण त्याने लपवले नाही. १९६४ साली जॉन ली हूकर इंग्लंडच्या दौऱ्यावर आला, तेव्हा ब्लूजब्रेकर्सनी त्याची साथ केली. १९६७ च्या ‘क्रुसेड’ या ध्वनिमुद्रिकेत, उपेक्षित कृष्णवर्णीय वादकांची दखल घ्या, असा त्याचा आग्रह होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारलेला गायक जे. बी. लेन्वार याच्यासाठी त्याने तीत विलापगीत गायले. त्याने अन्याय फिटला नाही. पण तबकडी ऐकणाऱ्याला मूळ गायकाचे नाव कळले, आणि काहींनी त्याचा शोधही घेतला.

१९६८ साली मेयॉलने हे नाव बाजूला ठेवले, कॅलिफोर्नियात बिऱ्हाड केले आणि पुढच्याच वर्षी ढोलावाचून वाजणारा बँड उभा केला. १९७९ साली त्याचे घर आगीत भस्मसात झाले. वडिलांच्या आणि स्वतःच्या रोजनिशा, जन्मभराचा संग्रह, सारे गेले. १९८४ च्या सुमारास ब्लूजब्रेकर्स पुन्हा उभे राहिले. या खेपेचे गिटारवादक कोको मोंटोया आणि वॉल्टर ट्राउट अमेरिकन होते. समुद्रापलीकडे जाऊन शिकलेले गाणे आता त्याच्या जन्मभूमीतल्या पोरांना शिकवले जात होते! यथाकाल तेही आपापल्या वाटेने गेले.

२००३ साली लिव्हरपूलला मेयॉलच्या सत्तरीची मैफल झाली. क्लॅप्टन आणि टेलर दोघेही गुरूच्या साथीला येऊन बसले. २००८ साली बँडचे नाव निवृत्त झाले. मेयॉल मात्र पुढेही गात राहिला आणि २२ जुलै २०२४ रोजी, नव्वदाव्या वर्षी, गेला.

दोन भाषांच्या शेजारात वाढलेल्या आपल्या घरांत पलीकडच्या भाषेतले पद सहज ओठांवर येते. ते गाणाऱ्याने मुळाशी जाऊन शिकावे, कोणाकडून घेतले ते सांगावे आणि शिकवलेले पोर दाराबाहेर पडताना आडवे येऊ नये. मेयॉलने पंचेचाळीस वर्षे बँडच्या नावाखाली आणि नावाबाहेर एवढेच केले, आणि त्यावर एक घराणे उभे राहिले.