अस्पष्टतेकडून स्पष्टतेकडे : आर. ई. एम. ह्या रॉक वाद्यवृंदाची वाटचाल (१९८०–२०११)

गीताचे शब्द श्रोत्याला नीट ऐकू आले नाहीत, तर ते गायकाचे वैगुण्य समजावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्याकडे तराण्यासारख्या प्रकाराला त्यातून सूट मिते ती तेथे अर्थवाही शब्दांची अपेक्षाच नसते म्हणून. आर. ई. एम. ह्या अमेरिकन वाद्यवृंदाने मात्र अर्थवाही शब्द असलेल्या गीतांतच हा संकेत मोडला आणि पुढे काही वर्षांनी स्वतःच तो पाळावयास आरंभ केला. ह्या स्थित्यंतराचे एक सोपे स्पष्टीकरण सहज सुचते : मोठ्या कंपनीशी करार झाला, बाजारपेठ विस्तारली आणि तिच्यासाठी उच्चार स्वच्छ झाला. हे स्पष्टीकरण कालानुक्रमाच्या कसोटीवर टिकते काय, हे पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जॉर्जिया राज्यातील अथेन्स हे विद्यापीठाचे गाव. तेथील एका जुन्या चर्चच्या इमारतीत ५ एप्रिल १९८० रोजी एका वाढदिवसाच्या मेजवानीत चार तरुणांनी प्रथमच एकत्र वादन केले. गायक मायकेल स्टाइप हा कलाशाखेचा विद्यार्थी. गिटारवादक पीटर बक ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात नोकरीस होता. बास गिटार माइक मिल्स ह्याच्याकडे आणि ड्रम बिल बेरी ह्याच्याकडे. वृंदाचे नाव त्यांनी शब्दकोश चाळून निवडले. सर्व गीतांचे कर्तृत्व चौघांच्या नावे समान नोंदविण्याची प्रथाही त्यांनी पाळली. तिच्यामुळे शब्द हा एका कवीचा आणि सूर हा दुसऱ्या संगीतकाराचा, अशी विभागणी येथे संभवतच नाही.

१९८१ साली ‘रेडिओ फ्री युरोप’ ही पहिली तबकडी हिब-टोन ह्या लहानशा कंपनीने काढली. पुढे आय. आर. एस. ह्या कंपनीने १९८२ मध्ये ‘क्रॉनिक टाउन’ आणि १९८३ मध्ये ‘मर्मर’ हा पहिला पूर्ण अल्बम प्रसिद्ध केला. ‘रोलिंग स्टोन’ ह्या नियतकालिकाने ‘मर्मर’ला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरविले. हा इंग्रजी शब्द आणि आपला ‘मर्मर’ हे दोन्ही ध्वन्यनुकारी आहेत. पानांची सळसळ ऐकू यावी पण तिचा अन्वय लावता येऊ नये, तसा काहीसा अनुभव ह्या अल्बममध्ये येतो. स्टाइपचा आवाज वाद्यांच्या वर न ठेवता त्यांच्यामध्ये मिसळलेला आहे. शब्दान्तीची व्यंजने गळतात, वाक्ये अर्ध्यावर सुटतात, आणि आघात अर्थाच्या नव्हे, तर तालाच्या सोयीने पडतो. तथापि भावाची प्रतीती होतेच. येथे शब्द हा वाचक न राहता स्वराचे एक अंग बनला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘रेकनिंग’ (१९८४) ह्या अल्बमनंतर ‘फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन’ (१९८५) हा लंडनमध्ये जो बॉइड ह्याच्या दिग्दर्शनाखाली ध्वनिमुद्रित झाला. त्याचे नाव उलटसुलट दोन्ही प्रकारे वाचता येते : ‘पुनर्रचनेच्या दंतकथा’ किंवा ‘दंतकथांची पुनर्रचना’. अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या ‘पुनर्रचना’ कालखंडाचा संदर्भ त्यात गर्भित आहे. दक्षिणेतील लोककथा व विक्षिप्त माणसे येथे विषय म्हणून येऊ लागली. सांगण्यासारखे काही हाती आले, की बोलणे स्पष्ट करण्याची निकड उत्पन्न होते. तिचा हा आरंभ होय.

खरा पालट १९८६ च्या ‘लाइफ्स रिच पेजंट’ मध्ये आढळतो. निर्माता डॉन गेहमन ह्याने स्टाइपला त्याच्या शब्दांच्या अर्थाविषयी प्रश्न विचारले आणि आवाज पुढे आणला. ‘कायाहोगा’ ह्या गीतात ओहायो राज्यातील प्रदूषित नदी आणि मूळ रहिवाशांची हिरावलेली भूमी हे विषय आले आहेत. १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’मध्ये राजकीय स्वर अधिक तीव्र झाला, आणि त्यातील ‘द वन आय लव्ह’ हे गीत अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत नवव्या क्रमांकावर पोचले. वॉर्नर ब्रदर्स ह्या बलाढ्य कंपनीशी करार झाला तो १९८८ साली. त्या वर्षी ‘ग्रीन’ प्रसिद्ध झाला.

म्हणजे उच्चाराची स्पष्टता कराराच्या दोन वर्षे आधीची आहे. जे कार्य कारणाच्या पूर्वी घडते, त्याचे ते कारण असू शकत नाही. अर्थात, अधिक श्रोत्यांपर्यंत पोचण्याची इच्छा १९८६ मध्ये नव्हतीच, असे मात्र म्हणता येणार नाही. गेहमनसारख्या लोकप्रिय ध्वनिमुद्रणे घडविणाऱ्या निर्मात्याची निवडच तिची साक्ष देते. पण ती इच्छा आणि काही निश्चित सांगण्याची इच्छा ह्या दोहोंना त्या काळात विलग करता येत नाही. बाजाराने स्पष्टता निर्माण केली नाही. निर्माण झालेल्या स्पष्टतेचा त्याने लाभ घेतला.

दुसरा मुद्दा ह्याहून महत्त्वाचा आहे. उच्चार स्पष्ट झाला म्हणून अर्थ स्पष्ट झाला काय? ‘आउट ऑफ टाइम’ (१९९१) हा अल्बम अमेरिका व ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला तो मुख्यतः मँडोलिनच्या धूनवर रचलेल्या ‘लूझिंग माय रिलिजन’ ह्या गीतामुळे. त्याचे शीर्षक हा अमेरिकन दक्षिणेतील वाक्प्रचार असून त्याचा अर्थ धर्म सोडणे असा नसून संयम सुटणे, सहनशक्ती संपणे असा आहे. वाक्प्रचार अपरिचित असलेल्या श्रोत्याला शब्द स्वच्छ ऐकू येतो, पण धर्मत्यागाचा वाच्यार्थच हाती लागतो. पूर्वी ध्वनीच्या पातळीवर असलेली संदिग्धता येथे अर्थाच्या पातळीवर सरकली, नाहीशी झाली नाही.

‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२) ह्या अल्बमला अथेन्समधील एका खाणावळीचे ब्रीदवाक्य नाव म्हणून लाभले. मृत्यू व वियोग हे त्याचे विषय. त्यातील चार गीतांची तंतुवाद्यरचना जॉन पॉल जोन्स ह्याची आहे. ‘मॉन्स्टर’ (१९९४) मध्ये गिटारचा कर्कश गोंगाट परतला. त्यातील ‘लेट मी इन’ हे गीत त्याच वर्षी निवर्तलेल्या कर्ट कोबेनला उद्देशून आहे. ज्या ‘पर्यायी’ प्रवाहाची वाट ह्या वृंदाने महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रांच्या आधाराने घडविली, त्याच वाटेने कोबेनची पिढी पुढे गेली होती.

१ मार्च १९९५ रोजी लोझान येथे रंगमंचावर असतानाच बेरीला मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने गाठले. तो बरा झाला, ‘न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय’ (१९९६) मध्ये वाजविला, आणि १९९७ मध्ये वृंदातून निवृत्त झाला. उरलेल्या तिघांच्या ‘अप’ (१९९८) ह्या अल्बमसोबत सर्व गीतांचे शब्द प्रथमच छापण्यात आले. पंधरा वर्षांपूर्वी शब्द ऐकू न देणाऱ्या वृंदाने ते आता वाचावयास दिले. मात्र ह्या मुद्रित शब्दांना पूर्वीएवढा श्रोतृवर्ग लाभला नाही, ही वस्तुस्थितीही बाजाराच्या स्पष्टीकरणाला प्रतिकूलच आहे. ‘रिव्हील’ (२००१), ‘अराउंड द सन’ (२००४), ‘ॲक्सिलरेट’ (२००८) व ‘कोलॅप्स इंटू नाउ’ (२०११) मिळून पंधरा अल्बम पूर्ण झाल्यावर २१ सप्टेंबर २०११ रोजी वृंदाने विसर्जन जाहीर केले. जून २०२४ मध्ये गीतकारांच्या सन्मानसमारंभात चौघे पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी एकच गीत सादर केले : ‘लूझिंग माय रिलिजन’.

सारांश, ह्या वाटचालीला शरणागतीचा इतिहास म्हणणे कालानुक्रमाला धरून नाही. गीताच्या अभ्यासकाने ‘ऐकू येणे’ आणि ‘कळणे’ ह्या दोन क्रिया भिन्न मानल्या पाहिजेत, हा तिचा आपल्या विषयापुरता बोध होय.