काडतुसाचे पितळ आणि पावसाळ्याची परीक्षा

'काडतूस' हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. १८५७ साली ज्या काडतुसांवरून एवढा क्षोभ उसळला ती कागदाची होती. धातूचे वेष्टन त्यानंतर दहा वर्षांतच आले. वुलिच येथील कर्नल बॉक्सर यांनी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी लोखंडी बुडावर बसवून स्नायडर बंदुकीचे काडतूस सिद्ध केले. परंतु १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत अशी गुंडाळीची काडतुसे बंदुकीत अडकू लागली, आणि अखंड पितळेची ओढीव पुंगळी रूढ झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. म्हणजे तो या स्थित्यंतराच्याच काळातील होय.

या पितळेत सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असते. चकतीची वाटी आणि वाटीची पुंगळी करताना प्रत्येक ओढीसरशी धातू कठीण होत जातो. म्हणून मधूनमधून तो तापवून नरम करावा लागतो. शास्त्रीय परिभाषेत यास 'अनुशीतन' म्हणतात. बूड मात्र कठीणच राहिले पाहिजे, कारण स्फोटाचा दाब ते सोसते. तोंड नरम हवे, म्हणजे ते फुगून नळीस घट्ट बसते व वायू मागे येत नाही. उडालेली पुंगळी पुन्हा भरावयाची झाल्यास तिचे तोंड प्रत्येक खेपेस अधिक कठीण झालेले असते; म्हणून अचूक नेमबाजी करणारे बूड थंड राखून केवळ तोंडास आच देतात.

या विद्येची खरी कसोटी हिंदुस्थानच्या पावसाळ्यात लागली. पागांजवळ साठविलेली काडतुसे न उडविताच पेटीत तडकू लागली. सैनिकाच्या प्राणाशी गाठ असलेल्या या दोषास इंग्रजीत ऋतूवरूनच 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याचा उलगडा केला. ओढीमुळे पितळेत ताण कोंडून राहिलेला असतो. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या धातूवर कार्य करतो, आणि तडा जातो. दोहोंपैकी एक कारण दूर केले तरी पुंगळी टिकते. म्हणून घडण पुरी झाल्यावर तिला सौम्य आच देऊन ताण उतरविण्याची रीत पडली. अशा आचेने ताण जातो, पण आवश्यक तो कठीणपणा उरतो.

ठोकलेला धातू ताठरतो आणि आच दिल्यास वळतो, हे पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरास कोणी शिकवावे लागले नाही. हंडा मठारताना तोही पत्रा पुनःपुन्हा भट्टीत घालीत आला आहे. त्यास ठाऊक नव्हते ते अमोनियाचे रसायन; आणि रसायन जाणणाऱ्यांनी आपली परिभाषा रचताना त्याची बोली क्वचितच विचारात घेतली. आपल्या इतिहासलेखनात तोफा व लढाया मोजल्या गेल्या, परंतु त्यांमागील धातुविद्या उपेक्षित राहिली. ती लिहावयाची तर प्रयोगशाळेचा अहवाल आणि तांबटाच्या तोंडचे शब्द ही दोन्ही साधने एकत्र वाचली पाहिजेत. पहिले साधन ग्रंथालयात सुरक्षित आहे. दुसरे त्या आळीतील ठोक्यांबरोबर विरत चालले आहे, आणि ते टिपून ठेवण्याचे काम साहित्यसंस्थांकडेच येते.